धिशूम-मीमांसा, अर्थात मारामारी कुठे बसून पाहावी

मराठीत प्रबंधांना विषयांची टंचाई आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही एक प्रश्न अजून एकाही विद्यापीठाने हाती घेतलेला दिसत नाही, आणि तो तर दर शुक्रवारी घरोघरी उपस्थित होतो: नवा मारधाडपट थिएटरात जाऊन पाहायचा, की आठ आठवडे कळ काढून मोबाईलवर? घरातले कोणीतरी हमखास म्हणते, "येईलच की ओटीटीवर." या तीन शब्दांनी मारामारीच्या कलेची जेवढी हानी केली, तेवढी दैत्यांनीही केली नव्हती. दैत्यांचा उल्लेख अलंकार म्हणून केलेला नाही. प्रस्तुत प्रबंधाचा पहिला पुरावा त्यांच्यापासूनच सुरू होतो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय उघडावा. पहिला नाट्यप्रयोग इंद्रध्वजाच्या उत्सवात झाला. त्याचा विषय काय होता? प्रेमाचा त्रिकोण नाही, सासू-सुनेचा पेच नाही. देवांनी दैत्यांना कसे हाणले, एवढेच. प्रयोग पाहून देव इतके खूश झाले की त्यांनी नटांवर भेटींचा वर्षाव केला. इंद्राने ध्वज दिला, कुबेराने मुकुट, सूर्याने छत्र, वायूने पंखा. (नायकाच्या एन्ट्रीला पडद्यावर चिल्लर फेकणाऱ्यांना जे अडाणी म्हणतात, त्यांनी हा संदर्भ लिहून ठेवावा. प्रथा स्वर्गातली आहे. रक्कम तेवढी कमी झाली.) पण प्रेक्षकांत दैत्यही बसले होते आणि स्वतःचा पराभव पुन्हा बघणे त्यांना सोसेना. विरूपाक्षाच्या नेतृत्वाखाली त्यांनी विघ्ने आणली आणि नटांची वाचा, हालचाल, स्मरणशक्ती सगळेच गोठवून टाकले. मग इंद्र उठला आणि त्याने ध्वजाच्या दांड्यानेच त्यांना बडवून काढले. म्हणजे खेळात एक मारामारी आणि प्रेक्षागृहात दुसरी.

पण थांबा. प्रेक्षागृह होते कुठे? नव्हतेच! हा सगळा प्रकार उघड्यावर चालला होता. दंगा झाल्यावर भरत ब्रह्मदेवाकडे गेले आणि मग ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगितले. यातून निघणारा निष्कर्ष आजवर कोणी काढला नाही, म्हणून आम्ही काढतो: थिएटर आधी बांधले आणि मागाहून त्यात मारामारी आणली, असा क्रम नाही. मारामारी आधी झाली आणि तिच्यासाठी थिएटर बांधावे लागले. मारामारी ही त्या वास्तूची मूळ मालक. प्रेमकथा, कौटुंबिक कथा, समस्याप्रधान कथा हे सगळे नंतर आलेले भाडेकरू. मालकाला मोबाईलवर हाकलून भाडेकरूंनी आत बसावे, हा न्याय कुठला?

शास्त्राचा पाठिंबा एवढ्यावर संपत नाही. भरतांनी चार वृत्ती सांगितल्या: भारती, सात्त्वती, कैशिकी आणि आरभटी. कैशिकीत नाजूक नखरे आणि गाणे-नाचणे येते. आरभटीत उड्या, झेपा, पडझड, द्वंद्व आणि इंद्रजाल. स्टंट आणि व्हीएफएक्स ही दोन्ही खाती एकाच वृत्तीखाली आणण्याची ही दूरदृष्टी पाहून माणूस थक्क होतो. नाट्यप्रकारांत 'डिम' नावाचा एक आहे. त्यात भूकंप, उल्कापात, ग्रहणे आणि युद्धे असतात. शृंगार आणि हास्य या दोन रसांना मात्र तिथे मज्जाव. 'त्रिपुरदाह' हा डिमच: एका बाणात तीन नगरे खाक. आपल्याकडचा निर्माता त्याच गोष्टीत एक आयटम साँग आणि एक विनोदी मित्र घुसवतो, ही पुढच्या काळातली घसरण होय.

आता एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दहाव्या शतकातल्या धनंजयाने 'दशरूपका'त रंगमंचावर काय दाखवू नये याची यादी दिली आहे. दूरचा प्रवास, वध, युद्ध, नगराला वेढा, भोजन, स्नान. विरोधक म्हणतील, बघा, शास्त्रालाच मारामारी मान्य नाही. पण यादी नीट वाचली तर आजच्या कुठल्याही गुप्तहेरपटाची अनुक्रमणिकाच हाती लागते: नायक दूर देशी जातो, वेढा फोडतो, युद्ध करतो, वध करतो आणि दोन वधांच्या मध्ये हॉटेलात जेवून अंघोळ करतो. लाकडी मंचावर हे जमण्यासारखे नव्हते, म्हणून मनाई. पडदा आला, मनाईचे कारण गेले.

आकाराचाही विचार भरतांनी केला होता. नाट्यगृहाचे तीन आकार त्यांनी सांगितले आणि माणसांसाठी मधला, म्हणजे 64 हात लांब आणि 32 हात रुंद, योग्य ठरवला. हाताचे माप दीड फूट धरले तर 96 फूट बाय 48. याहून मोठे बांधाल तर नटाचा आवाज फाटेल आणि चेहऱ्यावरचे भाव दिसणार नाहीत, असा इशाराही दिला. एका रास्त आकाराच्या सिंगल स्क्रीनचे हे माप आहे. मोठे बांधू नका, याची कारणे मुनींनी सविस्तर दिली. सहा इंचांवर आणू नका, असे मात्र त्यांनी कुठेही लिहिलेले नाही. इतका मूर्खपणा कोणी करील असे त्यांना वाटलेच नसावे.

आता इतिहासाकडे. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया. त्यांत स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीचे एक चित्र होते. पॅरिसात हीच गाडी पाहून प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, अशी एक जुनी कथा आहे. खरेच पळाले की नुसतेच दचकले, यावर विद्वानांत वाद आहे. आमच्या दृष्टीने वाद गौण आहे. महत्त्वाचे हे, की गाडी अंगावर येते असे कोणाला तरी वाटू शकले, ही गोष्ट पटण्याजोगी आहे. मोबाईलवरची गाडी पाहून कोणी खुर्ची सोडून पळाल्याची अफवादेखील नाही. अफवा पिकायलाही किमान आकार लागतो.

दादासाहेब फाळक्यांना हे उमगले होते. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये सत्त्वपरीक्षा होती. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये आग होती आणि उडणारा मारुती होता. कमाईची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात ते या दुसऱ्या चित्रपटाबद्दल. सत्याला प्रेक्षक हात जोडतात आणि शेपटीच्या आगीला तिकीट काढतात. त्याच चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. मारुती उडत असताना हे कोणाच्या लक्षात येते?

पुढे मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल यांनी तलवारबाजीने आणि उड्यांनी पडदा गाजवला. हे नाटक कंपनीत वाढलेले गडी. पहिल्या भारतीय बोलपटासाठी, 'आलम आरा'साठी, नायक म्हणून त्यांनाच घेतले गेले. करार मोडल्याबद्दल जुन्या कंपनीने खटला भरला, तेव्हा त्यांचे वकील होते महंमद अली जीना. खटला जिंकला, पण 14 मार्च 1931 रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये चित्रपट लागला तेव्हा लोकांनी पाहिले की आपला वीर बराच वेळ अर्धवट शुद्धीतच वावरतो आहे. उर्दू-हिंदी संवादांची त्यांच्या जिभेशी दोस्ती नव्हती, म्हणून ही युक्ती. आवाज आला आणि मारामारी बेशुद्ध पडली! भारतीय सिनेमाच्या इतिहासातला हा सर्वांत करुण प्रसंग आहे असे आमचे मत आहे, आणि त्याचा सूड घ्यायला 44 वर्षे लागली.

सूड घेतला 15 ऑगस्ट 1975 ला, 'शोले'ने. 70 एमएमचा पडदा, सहा ट्रॅकचा स्टिरिओफोनिक आवाज आणि मुंबईचे मिनर्व्हा. पहिले दोन आठवडे धंदा यथातथाच होता, मग तोंडोतोंडी बातमी पसरली आणि मिनर्व्हात चित्रपट पाच वर्षांहून अधिक काळ टिकला. तिथली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. जय नाणे उडवतो, ते खाली पडल्याचा आवाज हॉलच्या एका कोपऱ्यातून येतो, आणि प्रेक्षक वाकून आपापल्या खुर्चीखाली नाणे शोधू लागतात. प्रस्तुत विषयावरचा याहून भक्कम पुरावा जगात नसेल. लक्षात घ्या, इथे स्फोट नाही, गोळीबार नाही. एक नाणे पडते आहे. पण ते हॉलमध्ये पडते आहे. घरी ते दिवाणखान्यात पडत नाही, पडद्याच्या आत पडते, आणि परक्याच्या घरात पडलेले पैसे शोधायला कोण वाकतो?

त्या चित्रपटातला आगगाडीवरचा दरोडा पनवेलजवळ चित्रित झाला आणि त्याला सुमारे सात आठवडे लागले. वॉटसन हॉटेलातली गाडी नुसती स्टेशनात आली होती. 79 वर्षांनी मुंबईकराला तिच्यावर घोडेस्वार चाल करून येताना दिसले. रोज सकाळी लोकलच्या दारात लोंबकळणारा माणूस, आगगाडीत त्याला नवल ते काय असणार? तरीही तो खुर्चीची कड धरून बसला. बसला, कारण ती गाडी त्याच्या लोकलपेक्षा मोठी होती. आणि फिल्मफेअरचे नऊ नामांकनांपैकी एकच पारितोषिक 'शोले'ला मिळाले, ते संकलनासाठी, एम. एस. शिंदे यांना. परीक्षकांना बाकी काही कळले नसेल, पण कुठला घोडा कुठल्या डब्यापाशी कापायचा हे महत्त्वाचे आहे, एवढे कळले होते.

याच चित्रपटाने आमच्या सिद्धांताचा व्यत्यासही सिद्ध करून ठेवला. 'शोले'च्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि तुफान खपल्या. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, पानाच्या ठेल्यावर गब्बर बोलू लागला. संवाद घरी नेता आले, गाणी तर नेता येतच होती. मारामारीची तबकडी मात्र कोणी काढली नाही. तिच्यासाठी मिनर्व्हालाच जावे लागले, पुन्हा पुन्हा.

आता थोडे विज्ञान, कारण त्याशिवाय प्रबंधाला वजन येत नाही. थिएटरच्या पडद्याला बारीक भोके असतात आणि मुख्य स्पीकर पडद्याच्या मागे असतात. ठोसा जिथे दिसतो तिथूनच ऐकू येतो. मोबाईलमध्ये ठोसा समोर दिसतो आणि आवाज खालच्या कडेतून, म्हणजे आपल्याच करंगळीपाशी उमटतो. पुढचा मुद्दा अधिक गंभीर. ध्वनियोजनेला पाच-पूर्णांक-एक म्हणतात. त्यातले पाच चॅनेल संवाद, संगीत, पाऊस, पाखरे यांना वाटून दिलेले असतात. तो बिचारा दशांश 120 हर्ट्झच्या खालच्या गडगडाटासाठी राखून ठेवलेला असतो. म्हणजे नाव दशांशाचे, पण इमारत पडते ती त्याच्या जिवावर. 30 हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट सुमारे साडेअकरा मीटर लांब असते. ती कानाला नंतर कळते, आधी बरगड्यांना कळते. मोबाईलचा नखाएवढा स्पीकर त्या मुलखात पाऊलच टाकत नाही. रणगाडा कोसळला तरी तो 'टक' म्हणतो. घरी मोठा सबवूफर बसवता येतो, नाही असे नाही. पण मग दुसऱ्या अंकात खालच्या मजल्यावरचे काका वर येतात, आणि ती मारामारी पटकथेत नसते.

आठ सात्त्विक भावांची कसोटी लावूनही पाहावे: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. थिएटरात कंप खुर्चीलाच असतो, स्वरभंग शिट्ट्यांनी होतो, वैवर्ण्य पॉपकॉर्नच्या किमतीने येते. घरी, निरीक्षणानुसार, स्वेद तेवढा नियमितपणे येतो, आणि तोही दिवे गेले तर.

चौकटीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जुन्या टीव्हीचा पडदा चारास तीन, सिनेमास्कोपची चौकट त्याहून किती तरी रुंद. व्हिडिओ कॅसेटच्या काळात पडदा भरून चित्र दाखवायचे म्हणून चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र दोन्ही बाजूंनी छाटले जायचे. द्वंद्वात दोन माणसे असतात, त्यातला एक छाटला गेला तर उरतो तो व्यायाम. आता नवे दुखणे आहे. टीव्ही सेकंदाच्या 24 चौकटींच्या मध्ये आपल्या मनाने नव्या चौकटी घुसवतो, आणि कोट्यवधी खर्चून केलेला पाठलाग दुपारच्या मालिकेतला वाटू लागतो. 2018 मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीला शेजारी उभे करून, ही सोय कृपा करून बंद करा, असे सांगणारा व्हिडिओ काढला. बुर्ज खलिफावर लोंबकळताना ज्याने कोणाला विनंती केली नव्हती, त्याला रिमोटपुढे हात जोडावे लागले.

इथे एक हुशार पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो भूमितीचा आहे. 15 सेंटीमीटर रुंदीचा मोबाईल डोळ्यांपासून 40 सेंटीमीटरवर धरला तर तो 21 अंशांचा कोन व्यापतो. 12 मीटर रुंद पडद्यापासून 15 मीटरवर बसलो तर 44 अंश. मग मोबाईल 19 सेंटीमीटरवर, एका वितीच्या आत, आणला की झाले! कोन तोच. पूर्वपक्ष बिनतोड आहे. करून पाहावा. पहिल्या गाण्याआधीच डोळ्यांना पाणी येते, आणि ते सात्त्विक नसते. शिवाय दिग्दर्शकाने मेहनत केलेली असते ती प्रेक्षकाच्या नजरेच्या प्रवासावर. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये जॉर्ज मिलरने महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यावरच राखली, कारण मार्गारेट सिक्सेलच्या संकलनात तुकडे इतक्या झपाट्याने येतात की नजरेला पडदाभर हिंडायला सवड नाही. ज्या पडद्यावर नजर हिंडू शकते तिथेच तिला खिळवून ठेवण्यात कसब आहे. सहा इंचांत ती जाणार कुठे?

पण पडदा, आवाज, कोन हे सगळे दुय्यम. मुख्य सिद्धांत आता येतो. त्याला आम्ही 'अशक्याची गणपूर्ती' म्हणतो. एक नायक वीस गुंडांना लोळवतो, हे विधान असत्य आहे हे सर्वांना ठाऊक असते. सोफ्यावर एकटा बसलेला माणूस लगेच हिशेब मांडतो: गुंड एकेक करूनच का येतात? उरलेले एकोणीस मागे कसली वाट बघतात? पिस्तुलात सहा गोळ्या असताना अकरावी कुठून सुटली? त्याचा अविश्वास शंभर टक्के असतो आणि तो सगळा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. हाच माणूस आठशे जणांत बसवा. तोच अविश्वास आठशे ठिकाणी वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अष्टमांश टक्का येतो, आणि तेवढा तर वेफर्ससोबत गिळला जातो. सभेत ठराव मंजूर व्हायला जशी गणसंख्या लागते, तशी मोटरसायकल हेलिकॉप्टरवर आदळायलाही लागते. ठराव शिट्टीने मंजूर होतो. 'अनुमोदन' असे ओरडावे लागत नाही, एवढाच फरक.

दिग्दर्शकांना हा नियम पाठ आहे. नायक प्रथम पडद्यावर येतो तेव्हा बूट, मग मनगट, मग पाठ, मग वाऱ्यावर उडणारा कोट, आणि मग बराच वेळ कोणी काही बोलत नाही. ती जागा प्रेक्षकांच्या आरोळ्यांसाठी मोकळी सोडलेली असते. संवाद टाकला तर तो कोणाला ऐकू जायचा नाही. घरी आरोळी ठोकायला कोणी नसते. मग त्या पोकळीत आजी विचारतात, "अरे, हा पोचणार कधी?" प्रश्न रास्त असतो. त्यानंतर त्या नायकाकडे आदराने पाहता येत नाही. आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की पॉझचे बटण दाबले जाते: जीप हवेत, नायक जीपच्या वर, खलनायकाचे तोंड उघडे, आणि घरचा माणूस गॅस बंद करायला गेलेला. गुरुत्वाकर्षणाचा असा अपमान एकाही स्टंटमास्टरने केलेला नाही.

गणपूर्ती असेल तर पडदा कसा आहे यालाही फारशी किंमत उरत नाही, याचा दाखला आपल्या गणेशोत्सवात आहे. रस्त्यात मधोमध चादर ताणून सिनेमा दाखवत, तेव्हा निम्मा मोहल्ला पडद्याच्या मागच्या बाजूला बसत असे. तिथे पाट्या उलट्या दिसत, नायक डावखुरा होई आणि प्रोजेक्टर खडखडत असे. मागच्या बाजूच्या कोणीही तक्रार केली नाही. डाव्या हाताचा ठोसाही तेवढाच टाळ्यांचा धनी होता.

उरलेले आक्षेप लवकर आटोपू. तिकीट महाग आहे: मान्य. पॉपकॉर्न त्याहून महाग आहे: मान्य, आणि याला शास्त्रात उत्तर नाही. शेजारचा मोबाईल काढून बघत बसतो: तो विरूपाक्षाचा वंशज समजावा; ध्वजाचा दांडा आत नेऊ देत नाहीत म्हणून कोपराने काम भागवावे. गंभीर, संयत चित्रपटच थिएटरात पाहावेत आणि मारधाड मोबाईलवर उरकावी, असे म्हणणारे रसिक मात्र मुळातच उलटे बोलत आहेत. आईचे निःशब्द रडणे सहा इंचांत पुरते मावते. उलट जवळून पाहिले तर जास्तच लागते. ट्रक मावत नाही.

तेव्हा या प्रबंधाचा निकाल असा. संयत चित्रपट कुठेही पाहावा, विनोदी चित्रपट मित्रांसोबत पाहावा, पण ज्यात एकही वाहन जमीन सोडते तो चित्रपट थिएटरातच पाहावा, शक्यतो पहिल्या आठवड्यात, हॉल भरलेला असताना, मधल्या रांगांत बसून. सिंगल स्क्रीन अजून उघडी असलेल्या गावात राहत असाल तर आधी तिथे जा. तिकीट काढा, वेळेवर पोचा, आणि उशीर झालाच तर वाकून चाला. मागच्यांचा ठोसा चुकतो.